उसनं पुणं

पेशवाईतलं पुणं पडद्यावर उभं करायचं म्हटलं, की चित्रपटवाल्यांच्या गाड्या पुणं मागे टाकून दक्षिणेला, नीरेकाठच्या भोरकडे वळतात. शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. भोरच्या पंतसचिवांचा राजवाडा मात्र उभा आहे. ऐसपैस चौक, लाकडी खांब, कोरीव कमानी, सगळं जागच्या जागी. २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’चंही काही चित्रीकरण इथलंच.

गंमत अशी, की हा राजवाडा १८६९चा. ज्या खांबांना टेकून पडद्यावरचे सरदार मसलती करतात, ते उभे राहिले तेव्हा पेशवाई बुडून पन्नास वर्षं झाली होती आणि मुंबईहून पुण्याला आगगाडी यायला लागली होती. प्रेक्षकाला त्याचं काही नाही. समया पेटल्या, नथ चमकली, की त्याच्यापुरतं पुणं तयार.

हा उसनवारीचा धंदा जुनाच. सवाई माधवरावांच्या दरबारात १७९० साली इंग्रजांशी झालेल्या तहाचं प्रसिद्ध तैलचित्र पुण्यात रंगलंच नाही. जेम्स वेल्सनं इथे रेखाटनं केली, पण १७९५ साली तो वारला. पुढे ती रेखाटनं समोर ठेवून थॉमस डॅनियलनं १८०५ साली विलायतेत चित्र पुरं केलं. जळालेला शनिवारवाडा आतून कसा दिसत असेल, हे सांगताना आज अभ्यासकही त्याच चित्राकडे बोट दाखवतात.

राजगडाची तऱ्हा उलटी. तिथे खरीखुरी राजधानी आहे, पण इमारती नाहीत. रायगडाआधी जवळपास पाव शतक स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. आता वर सदर, वाडे बहुतेक जोत्यांपुरतेच. मालिकावाले स्टुडिओत प्लायवूडची राजधानी ठोकतात. त्यापेक्षा दिवाळीतली पोरं बरी! बोळातल्या दगडांवर पोती अंथरायची, वर चिखल थापायचा, हिरवळीसाठी अळीव पेरायचं आणि बालेकिल्ल्याच्या तिन्ही अंगांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या काढायच्या. हे मावळे कधी गड चढलेले असतात, कधी नसतात. भिस्त सगळी पुस्तकातल्या नकाशावर आणि थोरल्या भावाच्या दटावणीवर. संजीवनीचा दुहेरी तट कुणाला जमत नाही. मग एकच भिंत घालून मोकळे होतात आणि बघायला येणाऱ्या काकांना ठणकावून सांगतात, ‘दुसरी आतून आहे!’