रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

पाळीच्या आदल्या दिवशीच कंबरेतून मांडीपर्यंत कळ उतरायची. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते, उभ्याचं काम. सुपरवायझर भला माणूस, पण दर महिन्याला सुटी कशासाठी मागते, हे पुरुषाला कसं सांगणार? मेफ्टालची गोळी घ्यायची, ओढणीनं पोट आवळायचं आणि लाइनवर उभं राहायचं.

माय म्हणायची, "लगन झालं का थांबते." लग्न झालं. मग डॉक्टर म्हणाले, "एक मूल होऊ द्या, आपोआप जाईल." मूल राहत नव्हतं. त्याचं कारण त्या दुखण्यातच असू शकतं, असं कोणाच्या मनात आलं नाही. वंध्यत्वाचा कागद वेगळा, पोटदुखीचा वेगळा. मूल होणं हा मला पुढे निदान झालेल्या आजाराचा उपचार नाही आणि तेवढ्यासाठी बाईला गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलेलं आहे. आपल्याकडे तो सल्ला अजूनही सर्रास मिळतो.

दर डॉक्टरकडे पहिल्यांदा सोनोग्राफी. पोटभर पाणी पिऊन, लघवी दाबून ताटकळत बसायचं आणि हातात कागद यायचा: नॉर्मल. तो शब्द ऐकला की नवऱ्याचा चेहरा उजळायचा आणि सासूबाईंचा बदलायचा. रिपोर्टात काही नाही, म्हणजे बाईच्या पोटातही काही नाही, असा अर्थ घरात लागतो. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत या आजाराचे बारीक डाग आणि चिकटलेले पडदे बरेचदा दिसतच नाहीत, एवढं एक वाक्य तेव्हा कोणी बोललं असतं तर मला घरात खोटारडी ठरावं लागलं नसतं.

एकदा एका तपासणीवरून गर्भपिशवीचा टीबी आहे असं ठरलं. सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी व्हायची, जेवण नकोसं व्हायचं. शेजारच्या बायकांनी लेकरं माझ्याजवळ पाठवणं बंद केलं. कोर्स संपला, पुढच्या पाळीला कळ होती तशीच. आपल्या देशात टीबी इतका आहे की डॉक्टरांना तो आधी आठवणार, हे मला समजतं. पण औषध पूर्ण होऊनही दुखणं जागचं हलत नाही, तेव्हा निदान पुन्हा तपासायला नको का?

शेवटी नागपूरच्या एका रुग्णालयात एक तरुण डॉक्टरबाई भेटली. ओपीडीत नेहमीसारखी गर्दी. तिनं सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा." पडदा ओढला आणि विचारलं: पाळीत संडासला बसताना दुखतं का? संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का? किती वर्षांपासून? मी रडायलाच लागले. दोन्हींचं उत्तर हो होतं. इतक्या वर्षांत एकानंही हे विचारलं नव्हतं, आणि सासूसमोर मी ते आपणहून कसं बोलणार होते! साधे प्रश्न आहेत. त्यांना यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. दार लोटून घेण्याएवढा एकांत लागतो.

मग एमआरआय झाला, नंतर दुर्बिणीचं ऑपरेशन. दोन्ही अंडाशयांत जुन्या रक्ताच्या गाठी, ज्यांना डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. आतडं गर्भपिशवीला मागून चिकटलेलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात, दर महिन्याला सुजतात, तिथं रक्त साचतं आणि व्रण होतात: एंडोमेट्रिऑसिस. नाव समजलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना हा आजार आहे; पाळीच्या वयातल्या दर दहांत एक. एवढ्या मोठ्या आजाराला दुर्मीळ तरी कसं म्हणायचं? मुंबईत परळच्या आयसीएमआरच्या संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकारानं भारतीय बायकांमधल्या या आजाराचा अभ्यास सुरू झाला, हे वाचून धीर आला.

ऑपरेशनच्या आधी एकानं सांगितलं होतं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं. पिशवी काढली तरी बाहेर वाढलेलं तिथंच राहू शकतं, दुखणं परतू शकतं. हे मला त्या डॉक्टरबाईनंच समजावलं.

आता रोज हार्मोनची गोळी घेते. पाळी बंद आहे, कळ बरीच कमी आहे, पूर्ण गेलेली नाही. पुढच्या मुलींवर ही वेळ येऊ नये, असं वाटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पॅड स्वस्तात देण्याची योजना २०१८ मध्ये आली होती, लोहाच्या गोळ्याही मिळतात. पाळीच्या दिवसांत कोणती मुलगी शाळेत येत नाही आणि का, हेही गोळ्या देतानाच विचारता येईल. आमच्या आशाताईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या फॉर्मात तो रकानाच नाही, ताई." पुढच्या बैठकीत डॉक्टरांपुढे हे मांडते, असंही म्हणाल्या. मी त्यांच्यासोबत जाणार आहे.