गॉब्लिनला दिलेला शब्द

नवा खेळाडू कॅरॅक्टर शीट भरायला बसला की नावापाशी हमखास अडतो. एल्फला शोभेल असं नाव सुचेपर्यंत चहा थंड होतो. त्याच कागदावरची अलाइनमेंटची चौकट मात्र चुटकीसरशी भरलेली असते आणि तिच्यात बहुतेक वेळा एकच उत्तर असतं: केऑटिक गुड. मन चांगलं, पण ऐकणार कोणाचंच नाही. कॉलेजातली मुलं हेच लिहितात, आयटीतले मॅनेजरही हेच लिहितात. एखादा केऑटिक न्यूट्रल लिहितो आणि लिहिताना गालात हसतो. तेव्हाच मी समजून जातो की हा पहिल्याच गावात खानावळ पेटवणार.

पुण्यात मित्रमंडळींसाठी मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवतो, म्हणजे डन्जन मास्टर असतो. जग उभं करायचं ते मी, ड्रॅगनपासून खानावळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून बोलायचं तेही मीच. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या जगात वावरायचं आणि अडेल तिथे फासे टाकायचे. हे पात्र नैतिकदृष्ट्या कुठे उभं आहे ते अलाइनमेंटच्या चौकटीत दोन मापांनी सांगायचं असतं. एक माप गुड ते ईव्हिल, म्हणजे दुसऱ्यासाठी झीज सोसणाऱ्यापासून दुसऱ्याला तुडवून पुढे जाणाऱ्यापर्यंत. दुसरं लॉफुल ते केऑटिक, म्हणजे नियम, वचन, चालत आलेली रीत मानणाऱ्यापासून आपल्या मर्जीने चालणाऱ्यापर्यंत. दोन्हींच्या मध्ये न्यूट्रल. तीन त्रिक नऊ घरं झाली आणि त्या घरांत लोकांनी मांजरांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना बसवून पाहिलंय.

मला स्वतःला यातलं गुड-ईव्हिलचं माप फारसं कामाचं वाटत नाही. लग्नाच्या बायोडेटात ‘स्वभाव : मनमिळाऊ’ लिहितात, त्यातून जितकं कळतं तितकंच ‘गुड’ या शब्दातून कळतं. आठवड्याच्या कामाने थकून शनिवारी खेळायला आलेल्या माणसाला बहुधा नायकच व्हायचं असतं. तो गावकऱ्यांना वाचवणार हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. पात्राला खरा पीळ पडतो तो दुसऱ्या मापावर.

ही चौकट आली कुठून ते पाहिलं तर हे जास्त स्पष्ट होतं. हा खेळ जन्मला युद्धखेळांतून. 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ नावाचं नियमपुस्तक निघालं. मध्ययुगीन सैनिकांच्या छोट्या मूर्ती टेबलावर मांडून लढाई करायची, असा तो खेळ. त्याला एक अद्भुतरम्य पुरवणी जोडलेली होती. तिच्यात जादूगार आले, ड्रॅगन आले आणि कोणी कोणत्या फौजेत उभं राहायचं याची यादीही आली. ड्वार्फ लॉच्या बाजूला, गॉब्लिन आणि ऑर्क केऑसच्या बाजूला, काही मधले. 1974 साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला तेव्हाही लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस एवढंच होतं. गुड-ईव्हिलचं वेगळं माप नव्हतं. कल्पना दोन कादंबरीकारांकडून उचललेली होती. पॉल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मधला डॅनिश इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धातून थेट अशा जगात जाऊन पडतो जिथे लॉ आणि केऑस यांचं युद्ध पेटलंय. मायकेल मूरकॉकचा एल्रिक हा तर केऑसच्या देवतेचा भक्त, तरी त्याच्याबद्दल जीव हळहळतो.

म्हणजे ही चौकट मुळात स्वभाव विचारतच नव्हती. तू कोणाच्या पलटणीतला, एवढंच विचारत होती. 1976 साली गायगॅक्सने एका लेखात गुड आणि ईव्हिल हे दुसरं माप आडवं घातलं आणि 1978च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नऊ घरं पक्की झाली. पलटण मागे पडत गेली, स्वभाव पुढे आला. जुन्या पलटणीची एक गमतीदार खूण मात्र बराच काळ टिकून होती. प्रत्येक अलाइनमेंटची म्हणे स्वतःची गुप्त भाषा असे, आणि अलाइनमेंट बदलली की माणूस ती बोलेनासा होई. नव्या खेळाडूंना हे सांगितलं की ते पोट धरून हसतात.

त्या काळात या चौकटीला दात होते. अलाइनमेंट बदलली की पात्राची एक लेव्हल जायची. सगळ्यात कडक नियम पॅलाडिनला, म्हणजे देवाच्या नावाने शस्त्र धरणाऱ्या योद्ध्याला. तो लॉफुल गुडच असला पाहिजे. जाणूनबुजून केऑटिक कृत्य केलं तर त्याने वरच्या लेव्हलच्या क्लेरिकपुढे, म्हणजे पुरोहितापुढे, कबुली द्यायची आणि प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं.

अमेरिकेतल्या पोरांना हा नियम विचित्र वाटला असेल. आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही, कारण धर्मराजाचा रथ आपण लहानपणीच ऐकलेला असतो. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ. अश्वत्थामा गेल्याचं ते अर्धं सत्य द्रोणांना सांगितल्याबरोबर तो खाली टेकला. दंड काय बेताचा आहे पाहा. युद्ध थांबत नाही, राज्य जात नाही, आकाशातून वीज कोसळत नाही. फक्त इतरांचे रथ जसे जमिनीवरून धावतात तसा आता त्याचाही धावतो, आणि हे रणांगणावर सगळ्यांना दिसतं. पुढे स्वर्गारोहणपर्वात त्याला थोडा वेळ नरक पाहावा लागतो, तोही याच खात्यावर. पॅलाडिनने शब्द मोडला तर मी त्याच्या शक्ती काढून घेत नाही. त्याची ढाल जी अंधारात मंद उजळायची, ती उजळायची थांबते. नियमाप्रमाणे एक मशाल लागेल, एवढाच तोटा. पण मशाल मागायची ती शेजाऱ्याकडे, आणि का मागतोय हे त्यालाही ठाऊक असतं.

महाभारतातली माणसं नऊ घरांत बसवण्याचा उद्योग आमच्या टेबलावर जेवणानंतर हटकून सुरू होतो. भीष्म लॉफुल, यावर पटकन एकमत होतं. मग कोणीतरी विचारतं, लॉफुल म्हणजे कोणाशी बांधलेला? स्वतःच्या प्रतिज्ञेशी, हस्तिनापूरच्या गादीशी, की त्या गादीवर जो कोणी बसेल त्याच्याशी? द्यूतसभेत तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या दिशांना ओढतात. इरावतीबाईंचं ‘युगान्त’ घरात असलेल्या मंडळींनी तर भीष्माच्या त्यागाला बोल लावायची तयारी आधीच केलेली असते. आईस्क्रीम वितळतं आणि घर काही ठरत नाही.

आमच्या टेबलावर एका मैत्रिणीचे वडील खेळतात. उभी हयात कोर्टाच्या नोकरीत गेली, आता निवृत्त. सगळे त्यांना काका म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी ड्वार्फ क्लेरिक घेतला, नाव, वय, दाढीची लांबी सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि अलाइनमेंटची चौकट कोरी ठेवली. “बाबा, लॉफुल लिहू का?” लेकीने विचारलं. “थांब गं,” काका म्हणाले, “कायदा कोणाचा ते तरी कळू दे.”

तो कळायची वेळ आली एका घळीत. पथकाने एक गॉब्लिन जिवंत पकडला होता. पॅलाडिन खेळणारी आमची डॉक्टर मुलगी त्याला म्हणाली, खरं सांगितलंस तर जिवाला धक्का लागणार नाही. गॉब्लिनने खरं सांगितलं. धबधब्यामागे तळ आहे, पहारा कुठे बसतो, धरून नेलेले गावकरी कुठे कोंडलेत, सगळं. आणि मग टेबलावर शांतता पसरली. सोडला तर हा पळत जाऊन तळ जागा करणार. झाडाला बांधला तर रात्री लांडगे येणार, ते मी आधीच दोनदा ओरडवून ठेवले होते. बरोबर न्यावा तर ऐन वेळी बोंब मारेल.

“अरे, गॉब्लिन आहे तो,” रोग, म्हणजे चोराचं पात्र, खेळणारा म्हणाला. “पुस्तकात सरळ न्यूट्रल ईव्हिल लिहिलंय. उडवू आणि पुढे जाऊ.”

“मी शब्द दिलाय त्याला.”

“तू दिलायस. मी कुठे दिलाय?”

नियमाने त्याचं बरोबर होतं. केऑटिक गुड पात्र असं म्हणू शकतं. मी हातात फासे धरून गप्प बसलो, कारण अशा वेळी डन्जन मास्टर बोलला की खेळ संपतो आणि शाळा सुरू होते. काकांनी चष्मा काढून पुसला. “अगं, तू शब्द दिलास तेव्हा मी शेजारीच उभा होतो, आणि काही बोललो नाही. मग तो माझाही झाला की नाही?” मग रोगकडे वळून म्हणाले, “आणि तूही तिथेच होतास की रे.”

रोगवाल्याने बराच वेळ वाद घातला. हरकत घ्यायला मुदत कुठे दिली होती, हा त्याचा मुद्दा काकांनाही पसंत पडला. शेवटी तोंडात बोळा कोंबलेला गॉब्लिन ड्वार्फच्या पाठीवर बांधून मंडळी धबधब्याकडे निघाली. तळाजवळ बोळा सुटला. आता निर्णय माझा होता. गॉब्लिन ओरडेल का? ईव्हिल म्हणून ओरडेल, हे उत्तर मला आळशी वाटलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर आत त्याचा सरदार होता, त्याचे भाऊबंद होते, आणि बाहेरच्या लोकांना त्याने माहिती दिली होती, वचन कसलंच दिलं नव्हतं. मी त्याला ओरडू दिलं. तळ जागा झाला, पुढचे दोन तास सगळ्यांनी मार खाल्ला, पॅलाडिन मरता मरता वाचली. रोगवाला माझ्याकडे नाही, काकांकडे बघत होता. काका शांतपणे म्हणाले, “साक्ष घेतली, जामीन घ्यायचा राहिला.”

त्या रात्री त्यांनी चौकटीत ‘लॉफुल’ एवढंच लिहिलं. पुढचं घर अजून कोरं आहे. रोगने आपलं केऑटिक कायम ठेवलं, आणि माझ्या मते ठीकच केलं. त्याने नियम मानला नव्हता, काकांना मानलं होतं.

माझ्या टेबलावर आता पहिली काही सेशन्स कोणी ती चौकट भरत नाही. त्याऐवजी मी विचारतो की कोणाची हाक आली तर तुझं पात्र भरल्या ताटावरून उठेल, आणि त्याच माणसाने कोणतं काम सांगितलं तर उठणार नाही. पहिल्याचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्यापाशी घोडं अडतं, आणि तिथेच पात्र जन्माला येतं. चौकट पुढे भरायची ती पेन्सिलीने, आणि बाकीच्यांनी भरायची. आपण केऑटिक आहोत असं समजणाऱ्याला त्याच्या साथीदारांकडून ‘तू तर गुरुजींच्या एका शब्दावर चालतोस’ हे ऐकताना पाहणं, यासारखी दुसरी मजा नाही.

याने एक जुनं दुखणंही बरंच आटोक्यात येतं. साथीदाराच्या खिशात हात घालायचा, राजाच्या तोंडावर शिवी हासडायची, आणि वर म्हणायचं, ‘माझं पात्र असंच वागेल, केऑटिक न्यूट्रल आहे.’ मी विचारतो, कोणाचा नियम मोडून हा पहिल्यांदा घराबाहेर पडला? बापाचा, मठाचा, कर्ज देणाऱ्याचा? उत्तर आलं की त्या माणसाला मी गोष्टीत आणतो आणि उच्छाद आपोआप कमी होतो. उत्तर येतच नसेल तर ते पात्र नव्हे, वीस बाजूंचा फासा आहे. दुसऱ्या टोकाला 1989च्या दुसऱ्या आवृत्तीतला तो ट्रू न्यूट्रल ड्रुइड आहे. तोल सांभाळायचा म्हणून तो आधी सरदाराच्या बाजूने नोल नावाच्या दुष्ट टोळीशी लढतो आणि नोल संपत आले की त्यांच्याच बाजूला जातो. पुस्तकात हे उदाहरण गंभीरपणे दिलंय. असा गडी आमच्या पथकात एक रात्रही टिकला नसता.

प्रकाशकांचंही या चौकटीशी कधी पटतं, कधी बिनसतं. 2008च्या चौथ्या आवृत्तीत नवाची पाच घरं झाली. 2014च्या पाचव्या आवृत्तीत नऊ परतली, पण दात पाडून, कारण आता तिच्यावर जवळजवळ कोणताच नियम अवलंबून नाही. अख्खी जमातच जन्मतः ईव्हिल हे लोकांना खटकू लागलं, तेव्हा पुढच्या काही पुस्तकांत राक्षसांच्या अलाइनमेंटआधी ‘सहसा’ अशा अर्थाचा शब्द येऊ लागला. ‘पाथफाइंडर’ या चुलत खेळाने तर 2023च्या सुधारित पुस्तकांत अलाइनमेंट काढूनच टाकली. तिथे पात्राने काय करावं आणि काय कदापि करू नये, याच्या छोट्या याद्या असतात. मला ते आवडतं. पण त्या याद्याही कोणीतरी घालून दिलेल्या असतात आणि तो कोण, हे विचारावंच लागतं.

एका ठिकाणी मात्र मी ती चौकट स्वतः आधी भरून देतो. कॅफेत अनोळखी लोकांसाठी एका संध्याकाळचा खेळ ठेवतो तेव्हा. तिथे पात्र घडायला वेळ नसतो, तीन तासांत ड्रॅगन मारून घरी जायचं असतं. तेव्हा तयार शीट्सवर लॉफुल गुड, न्यूट्रल, केऑटिक गुड असं सरळ छापतो आणि खाली प्रत्येकाला एक ओळ जोडतो. योद्ध्याच्या कागदावर असतं, ‘या पथकातल्या चोराचं तू देणं लागतोस.’ चोराच्या कागदावर तेच देणं असतं, फक्त रक्कम वेगळी.