आमचा गिधाडांचा तक्ता

सुरगाण्याच्या या निवासी शाळेत आम्ही आठवीत होतो, तेव्हा गुरुजींनी ‘नामशेष होत चाललेले प्राणी’ हा प्रकल्प दिला. ग्रंथालयातील पुस्तके पाहून आम्ही वाघ, गेंडा आणि माळढोक यांची चित्रे तक्त्यावर उतरवली. तक्ता पाहून गुरुजींनी एवढेच विचारले, “यांपैकी कोणता प्राणी तुमच्या पाड्यावरून नाहीसा झाला?” आम्ही निरुत्तर झालो. दिवाळीच्या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून या, असे त्यांनी सांगितले.

सुटीनंतर वह्या उघडल्या, तेव्हा वेगवेगळ्या पाड्यांवरून आलेल्या आम्हा मुलांच्या वह्यांत एकच नाव होते : गिधाड. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडांचा थवा उतरे आणि पाहता पाहता नुसती हाडे उरत, असे आमच्या आजा-आजींनी सांगितले होते. आता तेथे कुत्री भांडतात. गिधाडे गेली कोठे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तर गुरुजींनी शोधून आणले. जनावरांची सूज व वेदना कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई. त्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत जेमतेम एक उरली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

वर्ग स्तब्ध झाला. आमच्यातील एक जण उभा राहिला. काही वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत त्यांचा बैल लंगडू लागला, तेव्हा वडिलांनी उसने पैसे आणून त्याला सुई टोचून घेतली होती. बैल वाचला नाही. “मग गिधाडं आमच्या बानं मारली का, गुरुजी?”

ती सुई कोणती होती, हे आम्हांला कधीच कळले नाही. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुझ्या बानं बैलावर माया केली. औषधाचा हा गुण त्याला कोणी सांगितला नव्हता. आता तुला ठाऊक झाला आहे.”

सकाळच्या वंदनेत प्रज्ञा, शील, करुणा हे शब्द आम्ही नित्य ऐकत होतो. प्रज्ञेला पहिले स्थान का, ते त्या दिवशी उमगले.

आम्ही तक्ता नव्याने केला. मधोमध गिधाड काढले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले : ‘जनावरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना मारत नाही.’ पालक मेळाव्यात तो तक्ता आमच्या त्याच मित्राने आपल्या बोलीत वाचून दाखवला. त्याचे वडील पहिल्या रांगेत बसले होते.

पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. आपल्याच जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनविभाग व ग्रामस्थांनी गिधाडांना सुरक्षित खाद्य मिळावे म्हणून जागा राखली आहे. आमच्यापैकी कोणी शिक्षक झाले, कोणी शेती सांभाळतात. आजही गोठ्यात सुई भरली जाते, तेव्हा बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय आम्ही बैलाचा कासरा धरत नाही.