धातू खोटा, हिशेब खरा

कॉमिकमधला काल्पनिक धातू ही लेखकाची पळवाट असते, असं माझं ठाम मत होतं. धातुशास्त्र शिकलेल्या माणसाचं दुसरं काय असणार? ॲडमँटियम तुटत का नाही, तर ते ॲडमँटियम आहे म्हणून! असल्या उत्तराला आमच्या विषयात शून्य गुण मिळतात. त्यामुळे एका चित्रकार मित्रानं त्याच्या नव्या कॉमिकमधल्या नायिकेच्या चिलखतासाठी धातू सुचवायला सांगितला, तेव्हा मी खऱ्याखुऱ्या मिश्रधातूंची यादीच काढून बसलो.

माझा आदर्श होता आयर्न मॅन. १९६३ साली ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ३९व्या अंकात तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचं करड्या रंगाचं बोजड चिलखत ट्रान्झिस्टरच्या जोरावर चालायचं. वाचकाच्या खिशातल्या रेडिओत असलेली वस्तू थेट नायकाच्या अंगावर! २००८च्या चित्रपटात त्याच्या चिलखताला सोनं आणि टायटॅनियमचा मिश्रधातू मिळाला. पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी टायटॅनियमचे तीन अणू आणि सोन्याचा एक, अशा संयुगाचं काठिण्य शुद्ध टायटॅनियमच्या सुमारे चौपट असल्याचं दाखवलं. मी ती बातमी मित्राला विजयी मुद्रेनं पाठवली होती.

त्यानं उलट एकच प्रश्न विचारला : नायिका ताशी १०० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळली तर काय होईल?

मी कागद घेतला. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. हा वेग १० सेंटिमीटरच्या अंतरात शून्यावर आणायचा, तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ३९० पट झटका बसतो. चिलखतावर ओरखडा नाही, पण आतली नायिका जिवंत राहत नाही. शिवाय कवच जितकं कठीण, तितकं ते कमी चेपणार, थांबायला अंतर तितकंच कमी मिळणार आणि झटका आणखी वाढणार. माझ्या यादीतला कुठलाही धातू तिला वाचवू शकत नव्हता. कॉमिकवाल्यांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. १९७३ साली ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला स्पायडर-मॅन जाळ्यानं धरतो, आणि तिची मान त्या अचानक थांबण्यानंच मोडते.

म्हणजे माझं ‘खरं’ चिलखतही खोटंच होतं. फरक एवढाच, की त्याचा खोटेपणा आवर्तसारणीतल्या नावाआड लपला होता.

मग मी व्हायब्रेनियमकडे नव्यानं पाहिलं. १९६६ साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या ५३व्या अंकात वाकांडा या काल्पनिक देशाचा हा धातू येतो. कंपनं आणि दणका शोषून घेणं, हा त्याचा एकमेव चमत्कार. माणसाला मारणारा झटका नेमका इथंच अडवला आहे. बरं, शोषलेली ऊर्जा जाते कुठे? कॉमिकच्या म्हणण्यानुसार ती धातूच्या बंधांमध्ये साठते आणि साठवण्यालाही मर्यादा असते. २०१८च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात तर पोशाखात साठलेली ऊर्जा जांभळ्या झोतासारखी परत बाहेर पडते. धातू खोटा आहे, पण ऊर्जेचा हिशेब मांडलेला आहे. एवढं प्रामाणिक माझं टायटॅनियम नव्हतं.

आणि हा धातू नुसता अंगावर बसत नाही, तो कथाही चालवतो. त्याच ५३व्या अंकात ब्लॅक पँथरच्या, म्हणजे वाकांडाच्या राजा टी’चालाच्या, वडिलांचा खून होतो तो व्हायब्रेनियमसाठी. डोंगरभर दुर्मीळ धातू असलेला देश जगापासून लपून का राहतो आणि त्याचा शत्रू कोण, हे त्या एका निवडीतून ठरून गेलं.

ज्या ॲडमँटियमला मी शून्य गुण दिले होते, त्याचीही उत्तरपत्रिका पुन्हा तपासावी लागली. जे तुटत नाही त्याला आकार कसा देणार, हा माझा आवडता टोला होता. त्याचं उत्तर मार्व्हलनं कधीच देऊन ठेवलं होतं : काही रेझिनं एकत्र करून तापवली की मिश्रण जेमतेम आठ मिनिटं घडवता येतं, मग कायमचं घट्ट होतं. वुल्व्हरिनच्या हाडांवर ते चढवलेलं आहे, पण धातू म्हटल्यावर चुंबकीय शक्तीचा मॅग्नेटो आलाच. १९९३ साली तो ते ॲडमँटियम वुल्व्हरिनच्या अंगातून ओढून काढतो. न तुटणारी वस्तू घेऊनही लेखकानं नायकाला तोडायची जागा शोधली.

मग २००८च्या चित्रपटात मला नेमकं काय आवडलं होतं? पुन्हा पाहताना उलगडलं. आयर्न मॅनचं, म्हणजे टोनी स्टार्कचं, आधीचं चिलखत फार उंचावर गेल्यावर बर्फानं गोठतं, म्हणून तो मिश्रधातू बदलतो. शेवटच्या लढाईत तो शत्रूला उंच नेतो, तर शत्रूचं चिलखत गोठतं, कारण त्या शत्रूनं हा दोष दूरच केलेला नसतो. म्हणजे मला मोह पडला होता तो गोठण्याचा, सोन्या-टायटॅनियमचा नव्हे. ‘इन्फिनिटी वॉर’ चित्रपटातलं त्याचं नॅनोकणांचं चिलखत म्हणजे निव्वळ जादू, असं मी म्हणत आलो होतो. तिथंही थॅनोसशी लढताना कण संपत जातात आणि कवच विरळ होताना दिसतं. मर्यादा दिसली, की मी गुपचूप विश्वास ठेवतो.

एक आग्रह मात्र अजून सुटलेला नाही. धातूची मर्यादा पहिल्या अंकातच सांगितलेली हवी. शेवटच्या पानावर अडचण आली म्हणून नवा गुण काढला, तर ती पळवाटच.

मित्राच्या नायिकेसाठी आम्ही शेवटी खोटाच धातू घेतला. तो दणका शोषतो, पण त्याची उष्णता करतो. चिलखतासह ८० किलोच्या नायिकेची ती भिंतीवरची धडक म्हणजे सुमारे ३१ हजार ज्यूल. चिलखत १० किलोचं आणि तापण्याच्या बाबतीत टायटॅनियमसारखं धरलं, तर एका धडकेला ते सुमारे ६ अंशांनी तापेल, लागोपाठच्या दहा धडकांना ६० अंशांनी. मग तिला मार चुकवावा लागेल, पाण्याजवळ लढावं लागेल आणि कधीकधी चक्क पळावं लागेल. मित्रानं लगेच पहिली कथा मे महिन्यातल्या चंद्रपुरात नेऊन ठेवली. धातूला नाव अजून मिळालेलं नाही, आणि कथा लिहिताना ते कुठे अडलेलंही नाही.