पारोळ्याचे उचलपूल

धुळ्याहून जळगावकडे निघाले, की साधारण पस्तीस किलोमीटरवर पारोळे लागते. ‘लागते’ हाच शब्द खरा. मुद्दाम पारोळ्याला म्हणून आलेला प्रवासी विरळाच. सुरतेहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता, जो पूर्वी ६ क्रमांकाचा होता आणि आता ५३ क्रमांकाचा झाला आहे, तो या गावावरून जातो. त्यामुळे पुष्कळांची पारोळ्याशी ओळख असते ती एक पेला चहापुरती, नाहीतर एका पंक्चरपुरती!

थोडी सवड काढून आत वळलात, तर भरवस्तीत एक भुईकोट किल्ला दिसेल. हरि सदाशिव दामोदर या जहागीरदाराने तो १७२७ मध्ये बांधला असे सांगतात. त्याआधी येथे उणीपुरी पन्नास घरे होती म्हणे; त्यांचे तटबंदीचे शहर केले ते याच गृहस्थाने. किल्ल्याभोवती खंदक होता, दरवाजाशी भक्कम बुरूज होते, आणि आत जायला उचलपूल होता. तो खाली आला की गाव मोकळे. वर गेला की गाव बंद. १८५७ च्या बंडात जहागीरदार झाशीच्या घराण्याचे म्हणून इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडून टाकला. उचलपूल गेला. तो उचलणारे हातही गेले.

पण उचलण्याची विद्या पारोळ्यातून गेलेली नाही, हे मी गेल्या दिवाळीत पाहिले.

पारोळे माझे गाव. म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याचे आजोळ. तो दिवाळीला आला, तेव्हा बॅगेत मिठाईच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळलेले एक काळे, तेलकट यंत्र निघाले. माझ्या मेहुण्यांनी तिकडे एक जुनी, दोन माणसांची शर्यतीच्या घाटाची गाडी हौसेने घेतली होती. तिचे पुढचे दिवे दिवसा मिटलेले असतात. बटण दाबले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. मेहुणे आदल्या वर्षी गेले. त्यानंतर एक दिवा उघडेनासा झाला. तिथल्या कारागिराने सांगितले, की अख्खी मोटर बदला. बहीण म्हणाली, की गाडीच विकून टाकू. भाच्याने मोटर काढली आणि थेट मामाच्या गावी आणली.

या मिटत्या दिव्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९३६ साली अमेरिकेत कॉर्ड नावाच्या गाडीला ते प्रथम बसवले गेले. तेव्हा ते आतून हाताने दांडा फिरवून उघडावे लागत. १९६२ च्या लोटस एलानमध्ये हेच काम हवेच्या पोकळीच्या जोरावर होई. पुढे विजेच्या मोटरी आल्या. हा निव्वळ नखरा नव्हता. वारा कापायचा तर गाडीचे नाक खाली हवे; पण अमेरिकन कायदा म्हणे, दिवे ठराविक उंचीच्या खाली नकोत, आणि १९८३ पर्यंत ते ठरलेल्या साच्याचेच हवेत. या पेचातून ही पापणी निघाली. नंतर दिव्यांचे आकार मोकळे झाले, पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, आणि २००४ नंतर मोठ्या कारखान्यांतून अशा नव्या गाड्या निघणे थांबले.

हमरस्त्याच्या कडेला एका मिस्त्रीचे दुकान आहे. ट्रकांचे वायपर, ट्रॅक्टरचे सेल्फ, हॉर्न, दिवे हा त्याचा संसार. अशी गाडी त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने मोटरीला ट्रॅक्टरच्या बॅटरीची दोन टोके लावली. आत घरघर झाली, बाहेरचा दांडा मात्र हलेना. मिस्त्री हसला.

“मोटर चांगली शे, सर. ताकद शे, पन ती पोचत नही.”

झाकण उघडले. आत आटे पाडलेला बारीक दांडा आणि त्याला भिडलेले दात्यांचे चाक. वायपरच्या मोटरीत असते तशीच रचना. दांडा चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला उलटे फिरवू शकत नाही. म्हणून उघडलेला दिवा वाऱ्याने मिटत नाही. त्या चाकाच्या पोटात प्लॅस्टिकच्या तीन इवल्या गुंड्या असायला हव्या होत्या. दिवा शेवटाला जाऊन थडकला, की तो धक्का त्या सोसतात आणि चाकाची फिरकी बाहेरच्या दांड्याला देतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांचा भुगा झाला होता. मोटर फिरत होती, चाक फिरत होते. मधला दुवाच उरला नव्हता.

मिस्त्रीने भुगा पुसून काढला, खाचा मोजल्या आणि शेजारच्या लेथवर नायलॉनच्या कांबीतून तीन गुंड्या कातून आणल्या. पहिल्या तीन घट्ट झाल्या, पुन्हा कातल्या. जुने वाळलेले ग्रीस खरवडून नवे भरले. पुन्हा टोके जोडली, तेव्हा दांडा सावकाश, रुबाबात वर उठला. भाचा काही बोलला नाही. त्याने तो तीनदा वरखाली करून पाहिला.

पैशाची गोष्ट निघताच मिस्त्रीने हात झटकले. “भाचाकडथीन पैसा कोन लेस?” लेथवाल्याचे तेवढे द्यायला लावले.

आता दिवे बंद डब्यातून येतात, आणि बिघडले की डबाच बदलतात. मिस्त्रीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. हे दुकान पुढे कोण चालवील, हे मी विचारले नाही. ते विचारण्याची गरजही नव्हती.

महिन्याभराने बहिणीचा फोन आला. मेहुणे संध्याकाळी घरी आले, की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिवे मिटताना पाही. म्हणाली, “दादा, दोन्ही उघडले रे. आणि दोन्ही एकदम मिटले.” मग थोडे थांबून म्हणाली, “गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलंय.”