चोर्ल्याच्या घाटातील वळणे

बेळगावाहून गोमंतकात उतरण्याचे जे मार्ग आहेत, त्यांत जांबोटी, कणकुंबीवरून जाणारा चोर्ल्याचा घाट आम्हांस विशेष प्रिय आहे. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर जन्मलेली ही नदी पूर्वेकडे वळते आणि सुमारे ३०० किलोमीटर वाहून कूडलसंगमी कृष्णेला मिळते. तिच्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्रात विलीन होते. पाऊस एकाच डोंगरमाथ्यावर पडतो. परंतु थोडा इकडे पडलेला थेंब बंगालच्या उपसागराचा, थोडा तिकडे पडलेला अरबी समुद्राचा!

चोर्ला गाव मागे पडले की पठार संपते आणि रस्ता वळू लागतो. अंजुणे धरणाचे पाणी झाडीतून कधी एका बाजूस, तर कधी दुसऱ्या बाजूस दिसते. बसमधील मंडळी दांडा घट्ट धरतात, आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडून या रस्त्याचे वर्णन सुरू होते. कोणी त्यास ‘नागमोडी’ म्हणतो, कोणी ‘वेडावाकडा’. ज्याचे पोट ढवळते तो ‘मेला हा वाकडा रस्ता’ म्हणून बोटे मोडतो. हे शब्द ऐकता ऐकता त्यांविषयी विचार करण्याची आम्हांस सवयच लागली आहे.

आपल्या भाषेने वाकड्या चालीची नावे, ती चाल चालणाऱ्यांवरून ठेवलेली दिसतात. सापावरून ‘नागमोडी’ आले. चालत्या बैलाच्या मूत्राची जी रेघ मातीत उमटते, तीवरून ‘गोमूत्रिका’ हा शब्द संस्कृतात रूढ झाला. मद्यप्याच्या ‘झोकांड्या’, बुजलेल्या गुरांचे ‘सैरावैरा’ धावणे, अडचण टाळणाऱ्याने दिलेली ‘बगल’, असे किती तरी शब्द सांगता येतील. उलट बाजूचा साठा त्या मानाने लहान. ‘सरळ’ हा शब्द संस्कृतात हिमालयातील एका उंच, सोट वाढणाऱ्या देवदारसदृश वृक्षाचेही नाव आहे. ‘ऋजु’पासून जुन्या मराठीत ‘उजू’ झाला. सुतार व गवंडी यांनी आपल्याला ‘सुतात असणे’ आणि ‘ओळंबा’ दिला.

परंतु या शब्दांस भाषेने निर्विकारपणे वागविलेले नाही. सरळ तेवढे चांगले आणि वाकडे तेवढे वाईट, असा निवाडा तिने केव्हाच देऊन टाकला आहे. सज्जन तो ‘सरळमार्गी’, ‘नाकासमोर चालणारा’. दुर्जनाचे ‘पाऊल वाकडे पडते’, त्याची ‘नजर वाकडी’ असते, तो ‘आडमार्गाला’ लागतो. आमच्या सीमाभागातील कानडी बांधवही सरळला ‘नेर’ म्हणतात आणि वाईट मार्गाला ‘अड्डदारी’, म्हणजे आडवाटच, म्हणतात. दोन भाषांचा निवाडा एकच!

तो निवाडा या घाटास लावून पाहावा. समजा, ६०० मीटर उंची चढावयाची आहे, आणि वीस हातांमागे एक हात इतकाच चढ गाडीला झेपणारा आहे. तर रस्ता १२ किलोमीटर लांब झालाच पाहिजे. डोंगराच्या पोटात तेवढी लांबी सरळ मावत नाही, म्हणून ती दुमडावी लागते. त्या दुमडीसच आपण वळण म्हणतो. दक्षिणेस कॅसलरॉकहून कुळेपर्यंत उतरणारा लोहमार्गही हेच सांगतो. १८८० च्या दशकात तो बांधणाऱ्यांनी ३७ फुटांमागे एक फूट एवढाच तीव्रतम चढ ठेवला. दूधसागरच्या धबधब्यापुढून जाणारा हा मार्ग त्यामुळे सुमारे २६ किलोमीटर डोंगराच्या कडेकडेने वळत राहतो. आणि इतके करूनही चढत्या गाड्यांना ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात.

एकटा, रिकाम्या हाताने चालणारा मनुष्य पायवाटेने नीट वर चढून जाईल. बैलगाडीस ते साधणार नाही, मालाच्या ट्रकास तर नाहीच. तेव्हा घाटातील वळण हे ओझे वाहणाऱ्यांसाठी असते. प्रभूसाठी वाटा सरळ करा, ही योहान बाप्तिस्ताची हाक आपण आगमनकाळात ऐकतो. त्याच वचनात दऱ्या भरून येतील आणि डोंगर सखल होतील, असेही सांगितले आहे, हे आपण विसरतो. डोंगर जागच्या जागी उभा ठेवून गाडीवानाकडे सरळ रस्ता मागणे न्यायाचे नव्हे.

आणि आपली भाषा ज्या एका शब्दाविषयी दुजाभाव करीत नाही, तो शब्द नेमका ‘वळण’ हाच आहे. आपण मुलांना वळण लावतो. चांगल्या अक्षरास वळणदार म्हणतो. आई वाती वळते, लाडू वळते. शेतकरी दोरखंड वळतो. गुराखी सांजवेळी गुरे वळवून आणतो. वाकडे ते, जे आपल्या हेतूपासून ढळले. वळण ते, जे हेतूकडे नेण्यासाठी घेतले. दोन्ही सरळ नव्हेत. परंतु दोहोंत महदंतर आहे.

ते ओळखावे कसे? घाटातल्याप्रमाणेच. वळण संपल्यावर आपण पूर्वीपेक्षा वर आलो असलो, तर ते वळण. फिरून फिरून तेथेच राहिलो, तर तो नुसता फेरा. आणि दुसऱ्यास चकविण्यासाठी घेतला असेल, तर त्यास कुटिलपणा हेच नाव योग्य. त्याची भलामण आम्ही करीत नाही.

धर्मग्रामाच्या कचेरीत आमच्याकडे नित्य माणसे येतात. एखादी माउली येते, आधी पावसापाण्याचे बोलते, मग म्हशीचे, मग शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचे. अर्धा तास लोटतो. उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर, ती सांगते की मुलगा चार महिने घरी पैसे पाठवीत नाही, किंवा डॉक्टरांनी गाठीची तपासणी करावयास सांगितली आहे. ‘बाई, आडवळणाने काय बोलता, सरळ सांगा,’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु तिच्या गाडीत केवढे ओझे आहे, ते तिलाच ठाऊक! एवढा चढ तिला एका दमात झेपत नाही. पाऊस, म्हैस आणि शेजारीण ही तिच्या घाटाची वळणे होत. याउलट ‘आपण बुवा तोंडावर सांगतो’ अशी बढाई मारणारे गृहस्थही आम्ही पाहतो. त्यांचा मार्ग खरोखरच सरळ असतो. कड्यावरून सुटलेल्या दगडाचाही असतो.

वाचकहो, आपल्याही घरी असे वळणे घेत बोलणारे कोणी असेल: म्हातारे वडील, नवी सून, परीक्षेत नापास झालेला मुलगा. त्यांस मध्येच तोडू नये. वाहतुकीचा एक नियम आहे, आणि चोर्ल्याच्या घाटातील जुने चालक तो कटाक्षाने पाळतात. अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्यास वाट द्यावी. चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा हलविणे फार कठीण जाते.