घाबरलेल्या माणसाची सोबत

‘होल्ड दॅट घोस्ट’ या १९४१च्या चित्रपटात विनोदी नट लू कॉस्टेलो टेबलाशी बसलेला आहे. एका मेलेल्या गुंडाची ओसाड खानावळ त्याला आणि त्याच्या जोडीदाराला, बड अ‍ॅबटला, वारसाहक्कानं मिळाली आहे. रात्र आहे, अ‍ॅबट जवळ नाही, आणि समोरची मेणबत्ती आपसूक सरकायला लागते. कॉस्टेलोला ओरडायचं आहे, पण बोबडी वळलेली. तोंड उघडतं, छाती भरते, आणि बाहेर पडते ती नुसती हवा. हात हवेत काहीतरी सांगू बघतात. कसाबसा आवाज फुटून अ‍ॅबट येतो, तोवर मेणबत्ती जागच्या जागी. तो वैतागतो, निघून जातो, की मेणबत्ती पुन्हा हलते.

हा प्रसंग मी पुष्कळदा पाहिला आहे आणि हसू दरवेळी येतं. ते त्याच्या भित्रेपणाचं नाही. मेणबत्ती खरोखर सरकली आहे, आपण डोळ्यांनी पाहिली आहे. त्या घरात जे खरं ते ज्याला दिसलं, नेमकी त्याचीच वाचा बसली आहे. स्वप्नात जिवाच्या आकांतानं हाक मारावी आणि गळ्यातून आवाज निघू नये, हा अनुभव कुणाला नाही? कॉस्टेलो तो जागेपणी करून दाखवतो. पुढं १९४८च्या ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हीच करामत पुन्हा आली, फक्त मेणबत्ती या वेळी ड्रॅक्युलाच्या शवपेटीवर ठेवलेली.

अमेरिकेतले हे जुने विनोदी भूतबंगलापट इतकी वर्षं टिकून राहिले, त्याचं कारण मला इथंच दिसतं. त्यांनी घाबरलेल्या माणसाची बाजू घेतली. त्याला हसले, पण त्याला खोटं पाडलं नाही.

ही परंपरा रंगभूमीवरून आली. ‘द बॅट’ हे मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट आणि एव्हरी हॉपवुड यांचं नाटक १९२०चं, आणि जॉन विलर्डचं ‘द कॅट अँड द कॅनरी’ १९२२चं. पडद्यावर हॅरल्ड लॉइडचा ‘हाँटेड स्पूक्स’ १९२०मध्येच येऊन गेला होता, आणि १९२१मध्ये बस्टर कीटननं ‘द हाँटेड हाउस’मध्ये एक जिना बांधला, जो पाय ठेवताच सपाट घसरगुंडी होतो. कीटनच्या त्या घरात नकली नोटा छापणारी टोळी लपलेली असते. भुताचा बुरखा उचलला की खाली माणूस, आणि माणसाच्या मनात पैसा किंवा इस्टेट, हा या प्रकाराचा जवळजवळ कायदाच होता.

विलर्डच्या नाटकाची मांडणी मला फार मोलाची वाटते. सायरस वेस्ट नावाचा धनाढ्य म्हातारा मरतो. वीस वर्षांनी मध्यरात्री त्याच्या हवेलीत सगळे नातेवाईक जमतात आणि मृत्युपत्र वाचलं जातं. सगळं अ‍ॅनाबेल या तरुण मुलीला, पण एका अटीवर: तिचं डोकं ठिकाणावर असल्याचं ठरलं पाहिजे, नाहीतर इस्टेट दुसऱ्याच्या नावे. आता त्या मुलीची स्थिती बघा. रात्री भिंतीतून हात बाहेर आला तर तिनं काय करावं? सांगावं तर वेडी ठरते, न सांगावं तर जीव जातो. तिला घाबरवणाऱ्याला तिला मारायचीसुद्धा गरज नाही. ती घाबरली, आणि घाबरल्याचं बोलली, की त्याचं काम झालं. वाटणीच्या भांडणात एखाद्या एकट्या बाईला ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून बाजूला सारलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही हवेली परकी वाटणार नाही.

या नाटकावर १९२७मध्ये युनिव्हर्सलनं मूकपट काढला आणि दिग्दर्शनाला बोलावलं पाउल लेनी या जर्मन माणसाला. तो मुळात नेपथ्यकार, ‘वॅक्सवर्क्स’ करून आलेला. विनोदी नाटक हाती आलं म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही. सुरुवातीलाच एक हात जाळी बाजूला सारतो आणि मागून चित्रपटाचं नाव उमटतं. मग म्हातारा वेस्ट दिसतो तो खुर्चीत आक्रसलेला, भोवती बुरुजांएवढाल्या औषधांच्या बाटल्या, आणि त्याच्यावर फिसकारणारी अजस्र काळी मांजरं. लोभी नातेवाइकांचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. पुढं एक लांबच लांब बोळ येतो. एका बाजूला खिडक्यांची ओळ, पांढरे पडदे वाऱ्यानं आत झेपावणारे, आणि त्यांच्यामधून कॅमेरा अंगावर आल्यासारखा सरकत जातो. अ‍ॅनाबेल झोपते तेव्हा उशाच्या भिंतीतली फळी सरकते, वाढलेल्या नखांचा हात हळूहळू खाली येतो आणि तिच्या गळ्यातला हार ओढून घेतो. इथं विनोद तसूभरही नाही. म्हणूनच पुढच्या प्रसंगात क्रेटन हेलचा चष्मेवाला, धांदरट पॉल पलंगाखाली अडकतो तेव्हा आपण मोकळेपणी हसतो. घर खरं भीतिदायक असल्याशिवाय घाबरणारा माणूस प्रामाणिक वाटत नाही. अलीकडच्या कितीतरी भयविनोदी चित्रपटांत हे उलटं झालं आहे. तिथं भीतीचं सोंग आणि त्या सोंगाचीच थट्टा, मग पोकळ आरडाओरडीपलीकडं हाती काही लागत नाही. लेनी १९२९मध्येच गेला. त्याला आणखी दहा वर्षं मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

त्या पॉलनं एकच गोष्ट धड केली: त्यानं अ‍ॅनाबेलवर विश्वास ठेवला. १९३९मध्ये एलियट न्यूजंटनं पॅरामाउंटसाठी हीच कथा पुन्हा केली, हवेली लुइझियानाच्या दलदलीत नेली, आणि पॉलच्या जागी आला बॉब होप. त्याचा वॉली हा नट आहे आणि तोंडाळ आहे. घर जितकं अंधारतं तितकी त्याची बडबड वाढते. पॉलेट गोडार्डच्या जॉयसला तो एकदा सांगूनच टाकतो, की भीती वाटली की मी विनोद करतो, तेवढाच धीर येतो. आपल्याला वाटत असतं हा वल्गना करणारा माणूस आहे, आणि तो तर आपलं गुपित उघडं करून मोकळा होतो. होपला चित्रपटांत खरा पाय रोवून दिला तो याच भूमिकेनं. त्याचे गुडघे लटपटत असतात, पण तो तिला सोडून जात नाही. छाती काढून पुढं जाणारे नायक पडद्यावर रग्गड झाले, त्यांच्या धैर्याचं मला फारसं कौतुक वाटत नाही. त्यांना किंमत मोजावीच लागत नाही.

पण हा न्याय सगळ्यांना सारखा मिळाला नाही, आणि ते सांगितल्याशिवाय या चित्रपटांवर प्रेम करता येत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘द घोस्ट ब्रेकर्स’मध्ये होपबरोबर विली बेस्ट आहे, कृष्णवर्णीय नोकर अ‍ॅलेक्सच्या भूमिकेत. विनोदाची वेळ साधण्यात तो होपच्या तोडीस तोड. तरी घाबरल्यावर होपच्या वाट्याला चतुर वाक्यं येतात आणि बेस्टच्या वाट्याला वटारलेले डोळे. एकाची भीती माणसाची, दुसऱ्याची त्याच्या वर्णाची म्हणून दाखवली जाते. त्या काळच्या अनेक भूतबंगल्यांत असा एक नोकर उभा आहे. अ‍ॅलेक्स आला की मी बेस्टकडं बघतो, त्याला काय म्हणायला लावलंय त्याकडं नाही, आणि एवढ्या तुटपुंज्या जागेत त्यानं किती केलं हे मोजत राहतो.

आपल्याकडच्या भुतांची तऱ्हा वेगळी. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मधला अशोक सराफांचा मावळा हा खरोखरच भूत आहे, आणि दिलीप प्रभावळकरांच्या बापड्या मास्तरांच्या मदतीला धावतो. महेश कोठारेंच्या ‘पछाडलेला’मध्ये (२००४) प्रभावळकरच इनामदार भुस्कुटे होऊन वाड्यात वावरतात. मराठी पडद्याला भुताचा बुरखा उचलण्याची घाई नव्हती. भुताशी बोलणं करता येतं, त्याचं काही राहून गेलं असेल तर विचारता येतं, ही आपली जुनी समजूत तिथं तशीच राहिली. मला दोन्ही तऱ्हा प्रिय आहेत, पण बुरख्याखाली पुतण्या किंवा भाचा निघतो तेव्हा अंगावर येणारा काटा जास्त वेळ राहतो.

या सगळ्यांत एकच चित्रपट निवडायचा तर मी जेम्स व्हेलचा ‘द ओल्ड डार्क हाउस’ (१९३२) निवडेन. जे. बी. प्रीस्टलीच्या कादंबरीवरचा. वेल्सच्या डोंगरात वादळात अडकलेले प्रवासी एका घराचं दार ठोठावतात. दार उघडतो बोरिस कार्लॉफचा मुका नोकर. घरमालक होरेस फेम, म्हणजे अर्नेस्ट थेसिजर, ही फुलं माझी बहीण रचून ठेवणार होती असं सांगत ती उचलतो आणि शेगडीत टाकतो. जेवायला उकडलेले बटाटे, आणि ते घ्या म्हणण्याची त्याची ढब अशी की बटाट्याचीच धास्ती बसावी. पण मला धरून ठेवतो तो पुढचा प्रसंग. वरच्या मजल्यावरून दिवा आणायचा आहे आणि होरेस टाळाटाळ करतो, कारणं सांगतो, जिन्यापाशी घुटमळतो. जन्म ज्या घरात गेला त्याचा जिना चढायची त्याला भीती वाटते. पाहुण्यांहून घरधनीच जास्त घाबरलेला.

व्हेल पहिल्या महायुद्धात लढला होता, १९१७मध्ये जर्मनांच्या हाती सापडला, आणि नाटकं बसवायला त्यानं सुरुवात केली ती युद्धकैद्यांच्या छावणीत. चित्रपटातला पेंडरेल, म्हणजे मेल्विन डग्लस, त्याच युद्धातून परतलेला, कशातच मन न लागणारा तरुण आहे. वरच्या खोलीत कोंडून ठेवलेला वेडा भाऊ सॉल सुटतो, तेव्हा पेंडरेल दोघी बायकांना एका कपाटात लपवतो आणि एकटा त्याच्यासमोर उभा राहतो. घाम फुटलेला, बोलण्यात गुंतवत वेळ काढणारा. झटापटीत दोघंही वरून कोसळतात. प्रीस्टलीच्या कादंबरीत पेंडरेल मरतो. व्हेलच्या चित्रपटात तो वाचतो, आणि प्रवाशांतल्याच ग्लॅडिसला लग्नाचं विचारतो.